बागेत पाणी नको

रत्नागिरी, ४ डिसेंबर १९३३

रावजीदादास यमूचा नमस्कार.

अक्षर ओळखशीलच. फाडून टाकण्याआधी एवढं वाच की हे कामाचं पत्र आहे. आबा गेल्या आषाढात गेले. रंगूनच्या बोटीवरच्या कुणी तरी ते तुझ्या कानावर घातलं असेल. तू ब्रह्मी बायको केलीस म्हणून तुझं नाव घरात घ्यायचं नाही ही त्यांची शपथ होती. ती त्यांच्याबरोबर गेली असं मी धरून चालते. त्यावर अधिक काही लिहीत नाही.

बागांचं काम आता मी बघते. नवरा गेल्यापासून मी इथेच होते, आबांच्या मागे मागे फिरून झाडं आणि माती कळायला लागली होती. नकाशे तेवढे जमेनात. पण दादा, तुझे नकाशे सुरेख असले तरी शेठ लोक ते उलटे धरून माना डोलवायचे, हे तुलाही माहीत आहे. मी काथवटीत बाग करते. आईची पीठ मळायची ती मोठी लाकडी काथवट. ओल्या वाळूचे चढउतार, जांभ्याच्या भुकटीच्या वाटा, शेवाळाची हिरवळ, सुरूच्या काड्यांची झाडं, पाणी असेल तिथे आरशाचा तुकडा. गिऱ्हाइकापुढे ठेवते आणि सांगते, हात घाला, झाड हलवून बघा. माणसाने आपल्या हाताने एक झाड हलवलं की ती बाग त्याची होते, मग तो दुसऱ्या कंत्राटदाराला बोलावीत नाही. वर दोन वर्षांची राखण माझी. झाड मेलं तर नवं मी लावायचं. मुंबईचे कंत्राटदार झाडं लावतात आणि बोटीत बसतात. मी इथेच असते, हेच माझं भांडवल. चिऱ्याचं आणि सुरुंगाचं काम तुझा दोस्त इद्रीस सांभाळतो.

आता मुद्द्याचं. आरे-वाऱ्याच्या वरच्या सड्यावर, त्या उघड्या कातळाच्या पठारावर, विश्रामशेठ खातूंनी बंगला बांधला आहे. हे रंगूनला सागाचा व्यापार करीत, तो आवरून परत आले. त्यांना तिथल्या बंगल्याची बाग इथे हवी आहे, तशीच्या तशी. पत्नी मैनाबाई मुरूडला माहेरी असतात, प्रकृती नाजूक. "ती येईल तेव्हा तिला तिचीच बाग दिसली पाहिजे," असं ते म्हणतात. डोळे मिटून सांगत जातात आणि मी काथवटीत मांडत जाते. कुठे चाफा, कुठे तुमच्याकडचा तो पिवळ्या फुलांचा पडौक, वाट कुठे वळते. अट एकच. "बागेत पाणी नको. तळी नको, हौद नको, पाखरांसाठी वाडगासुद्धा नको." मी आरशाचे तुकडे पिशवीत परत टाकले.

माणसाच्या आठवणीत मापं नसतात. म्हणून तुला लिहिते. त्यांचा रंगूनचा बंगला शहराबाहेर, मोठ्या सरोवराच्या मागे आहे, पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. जाऊन बघ आणि मापांसकट एक नकाशा पाठव. पडौक इथल्या खाऱ्या वाऱ्यात टिकेल का तेही कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

यमू


रत्नागिरी, १० जानेवारी १९३४

दादा,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल असं समजून पुन्हा लिहिते.

काम सुरू झालं आहे. खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या, फक्कीने वाटा आखल्या. समुद्राच्या अंगाला सुरूची दाट रांग धरली, म्हणजे वारा आधी तिच्यावर आदळेल. सड्यावर माती नाहीच, सगळा कातळ. इद्रीसने सुरुंग लावून झाडांसाठी खड्डे पाडले, आम्ही खालच्या शेतांतून माती आणून भरली.

ईशान्येच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात मात्र माती भरता आली नाही. तिथे पाणी लागलं.

तुला सड्याची माहिती आहे. पावसात धो धो वाहतो आणि दिवाळी झाली की भाजलेल्या खापरीसारखा होतो. खालच्या वाडीतल्या विहिरीसुद्धा आता खोल गेल्या आहेत. इद्रीस खड्ड्यात उतरला, ओंजळ भरून प्यायला.

"गोडं हाय," तो म्हणाला. "आणि थंडगार. बाय, ह्या कातळात झरा नाय. मी आख्खा सडा फोडलेला हाय."

शेठना सांगितलं तर ते बघायलाही आले नाहीत. ओसरीवरूनच म्हणाले, "बुजवा." आम्ही गोटे टाकून बुजवलं. दोन दिवसांत गोट्यांच्या वर पाणी. गड्यांनी सड्याच्या राखणदार देवाला नारळ आणि कोंबडा देऊन गाऱ्हाणं घातलं. जागेच्या मालकाची काही चूक झाली असेल तर पदरात घे, असं रामा गड्याने हात जोडून मागितलं. पाणी हललं नाही.

आणखी एक. बाक कुठे ठेवायचं ते शेठनी सांगितलं नव्हतं. मी आपल्या अंदाजाने, पाठ वाऱ्याकडे आणि डोक्यावर सावली येईल असं ठेवलं. ते बघून शेठ मला म्हणाले, "हे इथे होतं असं कुणी सांगितलंन तुम्हाला?" मी म्हटलं, कुणी नाही, वाऱ्याचा विचार करून ठेवलं. त्यांनी ते उचलायला लावलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की बाकावर बसलं की नजर सरळ त्या ईशान्येच्या कोपऱ्यावर जाते.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहिली नव्हती. तू म्हणाला असतास, यमू अजून तशीच भित्री आहे. शेठनी पहिल्यांदा बाग सांगितली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काथवटीतली वाळू एका जागी खचलेली होती. तोच कोपरा. मांजर बसलं असेल म्हणून मी ती सारखी केली. पुन्हा खचली. वाळू आता वाळून भुगा झाली आहे, पण तेवढी एक जागा ओली असते.

उत्तर पाठव.

यमू


रत्नागिरी, २२ फेब्रुवारी १९३४

दादा,

तुझं पाकीट मिळालं. नकाशा बघून आबांची आठवण झाली. ते म्हणायचे, रावजीची रेघ दोरीपेक्षा सरळ. कडेची फुलं तुझ्या हातची नाहीत हे लगेच कळलं. वहिनीने, मा खिनने काढली ना? तिला सांग, चाफ्याची पाकळी जिथे वळते तिथे तिने रंग पातळ केला आहे, तसं मला कधी जमलं नसतं.

तुझा नकाशा मी काथवटीशेजारी ठेवला. तू लिहितोस, बंगला ओस पडलाय, बाग माजली आहे आणि ईशान्येच्या कोपऱ्यात एक पायऱ्यांची तळी आहे. जिथे आमचं पाणी लागलं, अगदी तिथेच. तू हेही लिहितोस की तिथला म्हातारा माळी चिंतेत आहे, कारण उन्हाळ्यातही कधी न आटणारं तळीचं पाणी डिसेंबरपासून उतरायला लागलंय. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. आमच्याकडे तोपर्यंत पाणी गुडघ्याला लागलं होतं.

नकाशा मी शेठना दाखवला नाही. आधी मुरूडला जाऊन आले.

जायचं कारण साधं होतं. बाग ज्याच्यासाठी, त्याला विचारून करावी, हा माझा नेम आहे. पैसे देणारा एक असतो आणि बागेत बसणारा वेगळा. मैनाबाईंना तळी हवी आहे का, एवढंच विचारायचं होतं. त्यांनी हो म्हटलं तर शेठनाही वळवता आलं असतं.

घर पोफळीच्या आगरात आहे. त्यांची आई, येसूबाई, पडवीत सुपारी सोलत बसल्या होत्या. मी सांगितलं, मी बागवाली, रत्नागिरीहून आले, मैनाबाईंना भेटायचं आहे.

त्यांनी आडकित्ता खाली ठेवला. "कोणत्या मैनाबाईंना?"

"विश्रामशेठच्या घरातल्या. तुमच्या लेकीला."

"माझी मैना रंगूनला पटकीने गेली. दोन पावसाळे झाले. जावयाने कळवलंन." माझ्याकडे त्या नीट बघत होत्या, मी थट्टा करायला आलेय की काय असं. "बाग कुणासाठी करतोय तो?"

मी पडवीच्या कडेला टेकले. त्यांनी मला कोकमाचं सरबत दिलं. निघताना म्हणाल्या, "पटकीने गेली तर तिचा एक दागिना, एक लुगडं तरी पाठवायचं. काय नाय पाठवलंन. मी विचारलं तर म्हणे, सगळं तिच्याबरोबर गेलं."

परत आले तर बागेत इद्रीस एकटाच होता. गडी भिऊन सोडून गेले होते, कारण मागे असं घडलं होतं. खालच्या वाडीतली एक बाई पाण्यासाठी कळशी घेऊन वर आली, भरून दहा पावलं गेली आणि कळशी तिथेच ओतून पळाली. विचारलं तर म्हणाली, कळशीत कुणी तरी श्वास सोडल्यासारखं झालं. इद्रीसला म्हटलं, तुलाही जायचं असेल तर जा. तो म्हणाला, "रावजीची बहीण एकटी ठेवून जाऊ? तो परत आला तर काय तोंड दाखवू?"

शेठनी नवा हुकूम दिला आहे. सिमेंट ओतून कोपरा कायमचा बंद करा. तेवढं केलं की माझं काम पुरं झालं असं ते मानतील. मी सांगितलं, सिमेंट मुंबईहून यायला वेळ लागेल. खोटं सांगितलं. सिमेंट बंदरावर पडलेलं आहे.

आता माझं एक काम कर. त्या माळ्याला हाताशी धर, वस्तीच्या मुखियाला आणि पोलिसांना कळव की अशी अशी बाई त्या घरात होती आणि तिच्या मरणाबद्दल दोन ठिकाणी दोन गोष्टी सांगितल्या जातात. तळी पूर्ण आटेल तेव्हा तिथे चार साक्षीदार असू देत. तू एकटा तिथे उतरू नकोस. मा खिनला तर मुळीच नेऊ नकोस.

दादा, हे काम मी का घेतलं ते सांगते. तो सडा बागेला नालायक आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. शेठच्या तोंडून रंगूनचं नाव निघालं आणि मला तुला पत्र लिहायला निमित्त मिळालं. म्हणून घेतलं.

यमू


रत्नागिरी, ९ एप्रिल १९३४

दादा,

तुझी तार आली आणि मागोमाग पत्र आलं. तळी कोरडी पडली, पंचांसमोर गाळ उपसला आणि तळाशी बाईची हाडं सापडली. हिरवळीवर फिरवायच्या दगडी रुळाला साखळीने बांधलेली, आणि साखळीला कुलूप. तू लिहितोस, मा खिनने देवळात जाऊन तिच्या नावाने दिवे लावले. ओळख ना देख. तिला माझा नमस्कार सांग.

ज्या दिवशी तुमच्याकडे तळ दिसला, त्या दिवशी आमचा खड्डा काठोकाठ भरला. गोटे खाली, वर स्वच्छ पाणी, कातळाचा तांबडा रंग दिसेल इतकं.

तार आल्यावर मी आधी पोलिसांत जाऊन ती दाखवली. रंगूनहून वॉरंट आल्याखेरीज आम्हाला हात लावता येत नाही, असं ते म्हणाले, पण एक शिपाई फाटकावर बसवला. मग इद्रीसला घेऊन मी आत गेले. भर दुपार होती. सुरूंपलीकडे वारा घोंगावत होता. शेठनी उचलायला लावलेलं बाक पुन्हा आपल्या जागी होतं आणि ते त्यावर बसले होते. बाक आम्ही आणलं नव्हतं, आणि त्यांना एकट्याला ते उचलवणारं नव्हतं.

"काम संपत आलं का, यमुनाबाई?" त्यांनी विचारलं.

"रंगूनची तळी आटली," मी म्हटलं.

कसं कळलं, कुणी सांगितलं, त्यांनी काही विचारलं नाही. पाण्याकडे बघत राहिले. "मग आली ती," म्हणाले.

मी एक पाऊल पुढे झाले. म्हटलं, "मैनाबाई माहेरी आहेत असं तुम्ही सांगितलं होतं."

"तिला माहेरीच जायचं होतं." ते अगदी शांतपणे सांगत होते, काथवटीत झाडं सांगायचे तसं. "दर बोटीला ट्रंक बांधायची. मी म्हणायचो, एवढा पडौक फुलू दे, मग जा. पडौक फुलला. तिने पुन्हा ट्रंक बांधली. मी तिला सांगितलं होतं, एवढी बाग तुझ्यासाठी केली, ती टाकून जाता येणार नाही."

इद्रीस पुटपुटत दुवा म्हणायला लागला.

"मग इथे पुन्हा तीच बाग कशाला?" मी विचारलं.

"तिकडे ती घरात यायला लागली होती. सकाळी जिना ओला असायचा. उशीजवळची जमीन ओली असायची. व्यापार मोडला, इतका समुद्र ओलांडून आलो. वाटलं, ती मागून आलीच तर इथे तिला तिची बाग असू दे, मग ती बागेतच राहील, घरात येणार नाही."

"आणि तळी का वगळलीत?"

"ते तिचं दार," ते म्हणाले. "दार कसं ठेवू?"

तेवढ्यात पाण्यावर एक तरंग उठला. वारा सुरूंच्या पलीकडे होता, खाली पान हलत नव्हतं. तो तरंग आमच्याकडे आला नाही, माझ्याकडे नाही, इद्रीसकडे नाही. बाकाच्या बाजूच्या काठाला लागला आणि तिथेच विरला. शेठनी दोन्ही पाय बाकावर वर घेतले.

आम्ही दोघं फाटकापर्यंत पळालो नाही, एवढंच सांगते. चालत गेलो. मागे वळून मात्र दोघांनीही बघितलं नाही.

यमू


रत्नागिरी, ३० मे १९३४

दादा,

शेवटची बोट परवा गेली, आता पावसाळा संपेपर्यंत बंदर बंद. तुझं पत्र मिळालं. भादव्यानंतरच्या पहिल्या बोटीने तू मा खिनला आणि मुलीला घेऊन येतोस हे वाचून मी वरची खोली सारवायला काढली आहे. मुलीचं नाव तू लिहायला विसरलास.

विश्रामशेठना नेलं. रंगूनचे पोलीस वॉरंट घेऊन आले तेव्हा ते ओसरीवर कपडे करून बसलेलेच होते. बंदरावरून बोटीपर्यंत पडावातून जावं लागतं, तिथे मात्र दोघांना त्यांना उचलून न्यावं लागलं. बघणारे सांगतात, पडाव कोरडा ठणठणीत होता तरी त्यांनी पाय शेवटपर्यंत खाली टेकवले नाहीत.

बागेला आता मालक नाही. पण दोन वर्षं राखण करीन असा शब्द मी दिलेला आहे, आणि तो बागेलाही दिलेला असतो असं मी मानते. रोज वर जाते. गडी हळूहळू परत आले. चाफे धरले, पडौकाची तीन रोपं गेली, दोन जगली. इद्रीसला म्हटलं, तळीला पायऱ्या कर, दादाच्या नकाशात आहेत तशा. त्याने चिरे घडवून बसवले. पाणी ना चढत, ना उतरत. आटेल की राहील, मला माहीत नाही. मी ते आता कुणाला विचारतही नाही.

काल येसूबाई आल्या. मुरूडहून एवढ्या वाटेने, सोबतीला पुतण्या घेऊन. काय सापडलं ते मीच त्यांना जाऊन सांगितलं होतं. तेव्हा त्या रडल्या नव्हत्या, फक्त म्हणाल्या होत्या, पाणी एकदा बघीन. मी त्यांना सगळी बाग फिरवून दाखवली. त्या झाडांना हात लावीत चालत होत्या. "हा पडौक का? ह्याच्याबद्दल लिहायची," म्हणाल्या. वयाच्या मानाने ताठ चालतात. तळीपाशी आल्यावर पुतण्याला थांब म्हणाल्या आणि एकट्याच पायऱ्या उतरल्या. खालच्या पायरीवर बसून त्यांनी पाण्यात हात घातला. मी आणि इद्रीस वर उभे होतो. ते पाणी, दादा, मी रोज बघते. खोल झऱ्यासारखं थंड असतं, हात बधिर होतो.

बराच वेळ त्यांनी हात काढला नाही. मग वर बघून मला म्हणाल्या, "ऊन ऊन आहे गो. नुकतंच कुणी तरी बसून उठलेल्या पाटासारखं."

इद्रीसने डोक्यावरची टोपी सारखी केली आणि तो दुसरीकडे बघायला लागला.

येसूबाईंनी पदराने हात पुसला नाही. तो तसाच ओला मांडीवर ठेवला आणि पायरीवर थोड्या सरकून बसल्या, शेजारी एका माणसापुरती जागा करून.

यमू